वाचकांचे प्रश्न : वस्तीतल्या युवा गटाला पैसा कुठून, आणि कशाकशाला?

प्रश्न : भोसरीत आमचं नोंदणीकृत मंडळ आहे. 16 ते 22 वयाच्या मुलामुलींना घेऊन घरातल्या मारहाणीविरुद्ध काम करायचंय. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशासाठी, एका कंपनीत गेलो, तर परत पाठवलं. काय कमी पडलं असेल?

उत्तर : बहुधा कागद. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे आयकराची 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, सीएसआर-1 फॉर्म भरून मिळालेला क्रमांक आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. मंडळाच्या घटनेत असा उद्देश आहे का, तेही पाहा. नुसतं ‘उत्सव साजरा करणे’ असेल तर अर्ज तिथेच अडतो.

तोवर जुन्या संस्थेबरोबर लेखी करार करून काम सुरू करता येतं. मात्र तिचा पैसा परदेशी असेल तर तो ती तुमच्या खात्यात टाकू शकत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ती वाट बंद आहे. खर्च तिनेच करायचा.

महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाकडेही जा, पण दिवाळीच्या सुमारास. अंदाजपत्रक मांडलं गेल्यावर गेलात तर पुढच्या वर्षी या म्हणतील. बिलं उशिरा निघतात, म्हणून तीन महिन्यांचे पगार हाताशी ठेवा.

प्रश्न : अंदाजपत्रक कसं मांडावं?

उत्तर : पथनाट्य, टी-शर्ट आणि बॅनर यांना देणगीदार चटकन मिळतो, माणसाच्या पगाराला मिळत नाही. काम तर माणसामुळेच टिकतं. 15 जणांचे दोन गट, प्रत्येकाची वर्षाला 24 सत्रं, असा नमुना घेऊ (दर आपापल्या शहराप्रमाणे बदला). पूर्णवेळ कार्यकर्ती, महिना 22,000 प्रमाणे 2,64,000. समुपदेशक महिन्यातून आठ दिवस, दिवसाला 1,500, म्हणजे 1,44,000. दोन गटप्रमुखांना महिना 3,000 मानधन, 72,000. 48 सत्रांचा चहा-नाश्ता आणि साहित्य, सत्राला 1,200, एकूण 57,600. तीस जणांचं निवासी शिबिर 75,000. पोलीस ठाणं, दवाखाना, रात्रीची रिक्षा यांसाठी 40,000. लेखापरीक्षण आणि नोंदी 30,000. बेरीज 6,82,600.

पैसे कमी मिळाले तर शिबिर गाळा, समुपदेशक गाळू नका. मुलं बोलायला लागली की पहिल्या काही महिन्यांतच कुणीतरी स्वतःच्या घरातलं सांगतं, आणि ते ऐकायला तयार माणूस नसेल तर गट फुटतो. मागणीही एका वर्षाची नको, तीन वर्षांची करा. पहिलं वर्ष विश्वास बसण्यातच जातं.

प्रश्न : ‘वर्षभरात हिंसा 30 टक्क्यांनी कमी करू’ असं लिहिलं तर चालेल?

उत्तर : नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितल्याचं दिसलं. तुमचं काम नीट चाललं तर गप्प असलेल्या बायका बोलू लागतील, म्हणून तक्रारी आधी वाढतील, आणि देणगीदाराला ते अपयश वाटेल. हे अर्जातच सांगून टाका. मोजायचं ते असं : सत्रांना टिकून राहिलेली मुलं, मदतीपर्यंत पोहोचवलेल्या बायका, घरकामात हात लावणारे मुलगे. शेवटची नोंद बहिणीला विचारून करा. मुलगे स्वतःबद्दल सढळ हाताने सांगतात.

प्रश्न : शेजारी मारहाण चाललीय हे मुलांना कळलं तर?

उत्तर : मध्यस्थी अजिबात नाही. दारात गेलेल्या पोराला मार बसतो आणि नंतर त्या बाईलाही. तातडीचं असेल तर 112 (पोलीस मदत), एरवी 181 (महिला हेल्पलाइन). 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. आपल्या विभागाच्या अधिकाऱ्याचा नंबर पहिल्याच सत्रात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला.

18 वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन गटात देऊ नका. 18 खालच्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या, पण पत्रात ‘जीवनकौशल्य आणि समानता’ इतकंच लिहा. घरी मारणाऱ्या बापाच्या हाती नको तो कागद पडायला नको.