स्पॅनिश शिकताना मराठी घरी ठेवू नकोस

प्रिय भाची,

अनेक उत्तम आशीर्वाद.

विद्यापीठातल्या स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गाला तू जाऊ लागलीस हे कळले, आणि पत्रासोबत पाठवलेले वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्रही पाहिले. त्या पानावर तू तीन रकाने आखले आहेस: डावीकडे स्पॅनिश, मध्ये इंग्रजी आणि उजव्या कडेला, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, मराठी. मीही अगदी अशीच वही केली होती, म्हणून आज त्या मधल्या रकान्याविषयीच लिहिते.

पाठ्यपुस्तक इंग्रजीत असते, शिकवणारेही बहुधा इंग्रजीतून समजावतात, आणि त्यामुळे इंग्रजी माणसाच्या अडचणी आपण विनाकारण आपल्या समजून बसतो. ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्याशी आमचा सगळा वर्ग कित्येक दिवस झगडला, कारण इंग्रजीत ज्याला कॉफी आवडते तो कर्ता आणि स्पॅनिशमध्ये मात्र कॉफीच कर्ता. वास्तविक ते वाक्य ‘मला कॉफी आवडते’ एवढेच आहे. आंबे आले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तसे तिथे ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते. कर्माचेही तसेच. ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर पाहते, पण समोर माणूस असला की ‘बेओ आ मी एर्माना’, म्हणजे मी माझ्या बहिणीला पाहते. घराला काही लागत नाही आणि बहिणीला ‘ला’ लागतो, हा भेद तुला कोणी शिकवायची गरज नाही. भूतकाळाचे दोन प्रकार आले की वर्गात सुस्कारे ऐकू येतील, तेव्हा तू फक्त ‘लहानपणी मी रोज पाव खायचे’ आणि ‘काल मी दोन पाव खाल्ले’ ही दोन वाक्ये मनात म्हण. पहिल्यात ‘कोमीआ’ येते, दुसऱ्यात ‘कोमी’.

उच्चारांतही आपण नशीबवान आहोत. इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड तोंडात येतील ते आवर, कारण स्पॅनिशमध्ये आपले दंत्य त आणि द आहेत. ‘तोमाते’तला त आणि ‘दोस’ म्हणजे दोनमधला द. एकेरी संबोधनासाठी तर त्यांचा शब्द चक्क ‘तू’ आहे, आणि आदरार्थी ‘उस्तेद’ वेगळा, त्यामुळे कोणाला काय म्हणावे हे तुला इंग्रजीपेक्षा मराठीच नीट सांगेल. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. हा दुसरा र्र ‘भर्रकन’मधला आहे, आणि शब्दाच्या आरंभी एकच र असला तरी तो असाच घोळवायचा असतो. सांताक्रूझहून गाडीत चढल्यावर गर्दीत पुटपुटायला हा सराव उत्तम, शेजारीण फार तर थोडी सरकून बसेल.

मात्र मराठीचा हात कुठे सोडायचा तेही सांगते. आपले एक ‘आहे’ तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशा दोन क्रियापदांत वाटले गेले आहे. माझ्या तोंडी परीक्षेत, दुपारच्या उकाड्यात, कशी आहेस या प्रश्नाला मला ‘कंटाळले आहे’ असे गमतीने म्हणायचे होते. त्यासाठी ‘एस्तोय अबुर्रीदा’ हवे होते. मी ‘सोय अबुर्रीदा’ म्हटले, म्हणजे मी बाई मुळातच कंटाळवाणी आहे. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिले. कायमचे असेल तर सेर आणि तात्पुरते असेल तर एस्तार, हा नियम तुला पहिल्याच महिन्यात सांगतील, पण त्यावर फार विसंबू नकोस. माणूस मेला आहे हे ते एस्तारने सांगतात, ‘एस्ता मुएर्तो’, आणि घड्याळात दोन वाजले आहेत हे सेरने, ‘सोन लास दोस’. मृत्यूहून कायमचे काय आणि दोन वाजण्याहून क्षणिक ते काय? त्यापेक्षा ठिकाण आणि अवस्था एस्तारकडे, ओळख, गुण आणि वेळ सेरकडे, असे धरून चाल.

लिंगाचेही मराठीवरून अनुमान करू नकोस. नपुंसकलिंगी नामे तिथे नाहीत, त्यामुळे आपले ते घर त्यांच्याकडे स्त्रीलिंगी ‘ला कासा’ होते आणि ते पुस्तक पुल्लिंगी ‘एल लीब्रो’. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ‘ला मानो’, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. नाम पाठ करताना आधीचे ‘एल’ किंवा ‘ला’ त्याच्यासकटच पाठ कर. नंतर चिकटवायला गेलीस की ते निसटते.

पगार, बादली, बटाटा हे शब्द वर्गात ओळखीचे वाटतील. ते आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले, स्पॅनिशमधून नव्हे, पण दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी असल्याने ‘पागार’ म्हणजे पैसे देणे आणि ‘बाल्दे’ म्हणजे बादली हे तुला आयतेच मिळतात. गंमत म्हणून ठीक आहे.

क्रियापदांची रूपे मात्र रोज म्हणावीच लागतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये. मधला रकाना खोडला आहेस का ते मी पाहणार आहे.

तुझी,
आत्या