वाचकांचे प्रश्न : नाताळ, लाच आणि दानपेटी

प्रश्न : आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी आम्ही 'आशेची मेणबत्ती' लावतो. या वेळी तरुण संघातल्या मुलांनी विचारलं, "पेपर फुटतात, भरतीत पैसे चालतात, मग आशा कसली?" काय उत्तर द्यावं? – शब्बाथ शाळेच्या एक शिक्षिका, सोलापूर

मुलांना गप्प करू नका, प्रश्न रास्त आहे. नाताळाच्या नाटिकेत आपण हेरोद राजाला मिशा लावून हास्यास्पद करतो किंवा वेळ नाही म्हणून गाळतोच. शुभवर्तमानात तसं नाही. लूकची कथा कैसर औगुस्ताच्या नावनोंदणीच्या हुकमापासून सुरू होते आणि मत्तयात बाळाच्या जन्मापाठोपाठ बेथलेहेमात लेकरांची कत्तल होते. ख्रिस्त जन्मला म्हणून राज्यकारभार सुधारला, असं दोघांपैकी कुणीच लिहीत नाही. तेव्हा 'पुढच्या वर्षी सगळं ठीक होईल' असली आशा मुलांच्या हाती देऊ नका, ती फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाही.

त्याऐवजी लूक 3:10-14 घ्या, चाळीस मिनिटं पुरे. 'मग आम्ही काय करावं?' हा एकच प्रश्न बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तीन गट विचारतात. लोकांना तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना म्हणतो, ठरल्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, धाक दाखवून पैसे काढू नका, पगारात भागवा. रोमी अमलात वसुलीचे मक्ते दिले जात आणि वरकड रक्कम वसूल करणाऱ्याच्या खिशात जाई. योहान नेमकं त्या वरकडीवर बोट ठेवतो. नोकरी सोडा, असं मात्र तो म्हणत नाही.

मुलांचे चार गट करा: पोलीस, नर्स, ठेकेदार, शिक्षक. प्रत्येक गटाने आपल्या धंद्यासाठी योहानाचं एक वाक्य लिहायचं. दहा मिनिटांत चर्चा पुढाऱ्यांवर घसरते, कारण खोलीत पुढारी कुणीच नसतो आणि ते सोयीचं असतं. मग विचारा: शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला कमी रकमेचा काढला, त्याचं काय? वर्ग शांत होईल. खरा पाठ तिथून सुरू करा.

प्रश्न : वडील वारले. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे. तलाठी कार्यालयात बसणारा एक खासगी माणूस आठ हजार मागतो, 'नाताळाआधी करून देतो' म्हणतो. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, देऊन मोकळा हो. दिले तर पाप लागेल का? – एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

लाच डोळसालाही आंधळं करते, असं निर्गम 23:8 सांगतं, आणि तिथला दोष घेणाऱ्याच्या पदरी आहे. दुसऱ्याचा हक्क मारायला पैसे चारणारा आणि स्वतःच्या हक्कासाठी अडवला गेलेला, हे दोघे सारखे नव्हेत. कायदाही हा फरक मानतो, पण अट घालून. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलं पाहिजे, तरच सुटका. म्हणजे 'देऊन मोकळा हो' या सल्ल्याने माणूस मोकळा होत नाही, अडकतो.

आता काम. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. उशीर झाला असेल तरी द्याच. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-नाती लिहिलेलं शपथपत्र, सातबारा आणि 8अ (खातेउतारा) जोडा. अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो. हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका, कारण 'अर्ज आलाच नाही' हे सगळ्यात जुनं उत्तर आहे. त्यानंतर फेरफार नोंदवहीत नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, टप्पे तेच आहेत.

ख्रिस्ती घरांत इथे एक चूक हमखास होते. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलगे-मुलींना समसमान. लग्न झालेल्या बहिणीचं नाव शपथपत्रातून गाळून लाचेबद्दल पापपुण्याची चौकशी करू नये.

दाखले वगैरे अधिसूचित सेवा अडल्या तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आहे. मुदत टळल्यावर किंवा अर्ज फेटाळल्यावर तीस दिवसांत पहिलं अपील, मग तीस दिवसांत दुसरं, मग साठ दिवसांत आयोगाकडे तिसरं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो.

मागणी सुरूच राहिली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. आधी पंचांसमक्ष पडताळणी होते, मागणीचं संभाषण रेकॉर्ड केलं जातं, मगच सापळा. नोटांचे क्रमांक लिहून त्यांना पावडर लावतात. प्रकरण बहुतेक वेळा ढेपाळतं ते तक्रारदाराच्या उतावीळपणाने. "साहेब, किती देऊ?" असं तुम्हीच विचारलंत तर मागणी सिद्ध करणं अवघड होतं, आणि मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या सापडलेल्या नोटांवर शिक्षा टिकत नाही. मागितल्याशिवाय पाकीट काढू नका. पैसे 'झिरो'ने, म्हणजे कार्यालयात बसणाऱ्या खासगी माणसाने, घेतले तरी प्रकरण संपत नाही, मध्यस्थही कायद्याच्या कक्षेत आहे. पण तो कुणासाठी घेतोय हे रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं. आणि मंडळीत आधी बोभाटा करू नका, प्रार्थनासभेत 'विनंती' म्हणूनसुद्धा नाही.

प्रश्न : पालिकेच्या निवडणुकीतला एक इच्छुक आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचा आणि रोषणाईचा खर्च उचलायला तयार आहे. फक्त फ्लेक्स लावायचा. घ्यावं का? – युवा मंडळ, वसई

नको. मतासाठी दिलेली रक्कम घेणाराही भारतीय न्याय संहितेत लाचखोरच ठरतो. शिवाय 1988 चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा चर्चची जागा आणि निधी राजकीय कामाला वापरू देत नाही. बांबू, गवत आणि मागच्या वर्षीच्या माळा यांत गोठा होतो. 'चर्चने राजकारणात पडू नये' हा आक्षेप मात्र इथे गैरलागू आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडांविरुद्ध उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी 1897 साली पुण्यातल्या प्लेग व्यवस्थेतल्या गैरप्रकारांवर जाहीरपणे लिहिलं आणि सरकारचा रोष पत्करला. त्या दोघांना बोलता आलं, कारण ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्या पैशाने त्यांचं अंगण उजळलेलं नव्हतं.

प्रश्न : अतिवृष्टीत शेजारच्या वस्तीची पिकं गेली. मंडळीने नाताळचं जेवण रद्द करून मदत करायचं ठरवलं आहे. काय द्यावं आणि पैशांचा हिशेब कसा ठेवावा? – पंचकमिटी सदस्य, जालना जिल्हा

जेवण रद्द करू नका, साधं करा आणि त्या वस्तीलाही बोलवा. वरण-भात, एक भाजी, शिरा. उरलेल्या पैशांत मदत.

पाच माणसांच्या घराला पंधरवड्यासाठी: ज्वारी किंवा गहू 15 किलो, तांदूळ 5 किलो, तूरडाळ 2 किलो, तेल 2 लिटर, साखर 1 किलो, चहापत्ती पाव किलो, मीठ, तिखट, दोन साबण. ज्वारी द्यायची तर गिरणी चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर पीठच द्या. हरभऱ्याचं बियाणं वाटायचा मोह होतो, पण डिसेंबरअखेर पेरलेल्या हरभऱ्याला ऐन घाटे भरताना ऊन लागतं. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांना उन्हाळी भुईमुगाचं बियाणं द्या, पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. विहीर गाळाने भरली असेल तर बियाण्याआधी गाळ काढण्याची मजुरी.

यादी ग्रामपंचायत आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडून घ्या, नुसती आपल्या लोकांची नको. पिशवीत पत्रकं घालू नका. भुकेल्या माणसाच्या धान्यात सुवार्तेचा कागद ठेवला की धान्यही संशयास्पद होतं आणि सुवार्ताही. घेणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, हे वाटपाआधीच ठरवा.

हिशेबाबाबत प्रेषित पौलाचा दाखला पुरेसा आहे. 2 करिंथ 8 मध्ये मदतनिधी नेताना तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. अर्पण उपासना संपताच, तिथेच, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी मोजावं. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, अशी चिठ्ठी करून दोघांच्या सह्या. पैसे पाळकसाहेबांच्या कपाटात 'तात्पुरते' ठेवू नका, बहुतेक भांडणं त्या कपाटातूनच निघतात. बँकेच्या कामाच्या पहिल्या दिवशी भरणा, मदतनिधीचं खातेपान वेगळं, पावतीपुस्तक क्रमांकाचं. पुढच्या रविवारी आले किती, गेले किती, उरले किती, हे तीन आकडे वाचून दाखवा आणि तोच कागद फलकावर लावा.

परदेशातल्या नातलगांनी पैसे पाठवतो म्हटलं तर पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याची देणगी चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय मंडळीच्या खात्यात घेता येत नाही.