पुरात भिजलेले गेमचे मशीन घ्यावे का?

प्रश्न : गोदाघाटाजवळच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरचे सामान विक्रीस निघाले आहे. त्यात ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’चे, म्हणजे आम्ही मुले ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत असू त्या गेमचे, उभे मशीन आहे. पुराच्या पाण्यात ते फूटभर बुडाले होते. खालचे लाकूड फुगले आहे आणि त्यानंतर ते कोणी चालू केलेले नाही. मालक १८,००० रुपये मागत आहेत. दुरुस्त करून घरी ठेवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. घ्यावे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : फुगलेल्या लाकडाकडे पाहून निर्णय घेऊ नका. या मशीनमध्ये सर्वांत भयंकर दिसणारे नुकसानच दुरुस्तीला सर्वांत सोपे आहे. खालचा खराब भाग कापून तेथे प्लायवूड जोडणे कोणत्याही चांगल्या सुताराला जमेल. खरा प्रश्न पिक्चर ट्यूब आणि गेमचा बोर्ड, म्हणजे ज्यावर गेम चालतो ती इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, या दोन वस्तूंचा आहे, आणि त्या दोन्ही पाहिल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

नाशिकच्या गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आपण गोदावरीच्या पुराची पातळी सांगतो, तशी मशीनच्या आतली गाळाची रेषा तुम्हाला पाणी कुठवर चढले ते नेमके सांगेल. मागचे दार उघडून आधी ती रेषा शोधा. उभ्या मशीनमध्ये ट्यूब बरीच वर असते, त्यामुळे फूटभर पाण्यातून ती वाचली असण्याची शक्यता चांगली आहे. पॉवर सप्लाय मात्र बहुधा तळाशी असतो. तो भिजला असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता ५ आणि १२ व्होल्ट देणारा नवा बसवावा. बोर्ड कुठे बसवला आहे हे मशीनगणिक बदलते, म्हणून तो रेषेच्या वर आहे की खाली हे स्वतः पाहावे.

ट्यूबच्या मानेजवळ काचेच्या आतून चंदेरी डाग असतो. तो चंदेरी किंवा काळसर असेल तर आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि त्या ट्यूबवर काहीही उपाय नाही. अशा ट्यूब बनवणे आता जवळजवळ थांबले असल्याने जुन्या टीव्हीची जुळणारी ट्यूब मिळवावी लागते. ते अशक्य नाही, कारण या मशीनची आणि आपल्या जुन्या टीव्हीची पडद्यावर आडव्या रेषा काढण्याची वारंवारता सारखीच, १५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. पण त्यासाठी ट्यूबच्या टीव्हीवर हात बसलेला कारागीर हवाच. मशीन बंद असतानाही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो. जुजबी माहितीच्या बळावर तेथे हात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेल्या या गेमच्या मूळ बोर्डावर बॅटरी असते आणि गेमची गुप्त कळ, म्हणजे सांकेतिक रूपातली माहिती उलगडणारी किल्ली, तिच्याच आधाराने टिकते. बॅटरी संपली की ती कळ पुसली जाते आणि गेम नीट चालत नाही. जाणकार व्यक्ती ती पुन्हा भरू शकते, म्हणून एवढ्यावरून बोर्ड टाकाऊ ठरवू नये. बॅटरी गळून तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या असतील, तर मात्र काम अवघड होते. आपल्याकडच्या पार्लरमध्ये नकली बोर्डही पुष्कळ चालत; तसा निघाला तर गेम खेळता येईल, परंतु मूळ वस्तूची किंमत त्याला देऊ नये.

मालक ‘प्लग लावून दाखवतो’ म्हणाले तरी नम्रपणे नको म्हणा. गाळ वाळलेल्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट सोडणे म्हणजे चांगला बोर्डही जाळण्याचा धोका पत्करणे होय. बोर्ड सोडवून बाहेर काढावा, स्वच्छ करून पूर्ण वाळवावा आणि वेगळ्या पॉवर सप्लायवर तपासावा. त्याची ५६ टोकांची जोडणी उलटी लागली तर तो कायमचा जाऊ शकतो, एवढे सांभाळावे.

ट्यूब आणि बोर्ड दोन्ही सुस्थितीत आढळले तर मशीन जरूर घ्या. लाकूड, पॉवर सप्लाय आणि कंडेन्सर (सर्किटमधले वीज साठवणारे छोटे भाग) बदलण्याचा खर्च मागितलेल्या रकमेतून वजा करून बोला. दोहोंपैकी एकच शाबूत असेल, तर निम्म्याहून कमी किमतीतच विचार करावा. दोन्ही गेले असतील तर घेऊ नका. तेव्हा कोणीतरी एलसीडी पडदा आणि छोटा संगणक बसवण्याचा सल्ला देईल, पण त्यासाठी भिजलेली पेटी कशाला हवी, ती सुताराकडून नवीही करून मिळते. शिवाय या गेमची ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांची चित्रे ट्यूबच्या रेषांसाठीच काढलेली आहेत, आणि ज्याने ती पार्लरमध्ये पाहिली आहेत त्याला सपाट पडद्यावर ती परकी वाटतात.

व्यवहार ठरला तर टेम्पोत मशीन उभेच बांधून आणा आणि बोर्ड वेगळा, सुक्या कागदात गुंडाळून स्वतःजवळ ठेवा.