आजी तुला इंदुमती का म्हणत नाही

चि. इंदुमती हिला अनेक आशीर्वाद.

असं लिहिलं की पत्र सुरू होतं. माझी आजी हॉस्टेलवर मला पोस्टकार्ड पाठवायची, तेव्हा पहिली ओळ हीच असायची. फक्त नाव माझं.

काल फोनवर तू रडवेली झालीस, मागं कुकर शिट्ट्या मारत होता आणि आजी शेजारीच उभी होती, म्हणून मला नीट सांगता आलं नाही. तुझं म्हणणं असं की आजी सगळ्यांना नावानं हाक मारते, शेजारच्या मांजरालासुद्धा, आणि तुला मात्र 'ठकू'. आठ दिवसांत एकदाही इंदुमती म्हणाली नाही. त्यात गंगावेशीत दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलात, तिथल्या मामांनी नाव विचारलं, तू सांगितलंस, तर ते हसले आणि म्हणाले, "आज्जीचं न्हवं गं बाळ, तुजं सांग." आणि घरी येऊन बघतेस तर फडताळातल्या पितळी डब्यावर तुझं नाव कोरलेलं. तू पहिल्यांदाच एवढे दिवस राहायला गेलीस, मग ते लिहिलं कुणी?

(आधी एक सांगू? 'आई, मी जेवलो' असं म्हणालीस काल. कोल्हापूर चढलं तुला. तिथल्या मुली, बायका असंच बोलतात. मीही बोलायचे, पुण्यात कॉलेजात गेल्यावर हसायला लागले म्हणून सोडलं. इतकी वर्षं झाली, अजून वाटतं, उगीच सोडलं.)

डब्यावरचं नाव तुझं नाही, माझ्या आजीचं आहे, म्हणजे तुझ्या पणजीचं. पुढं 'सौ.' आहे बघ. आणि ती आजीची सासू. आता कळलं का, आजी तुला ठकू का म्हणते ते? सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. सासऱ्यांचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. कुठं कायदा नाही, कुणी मारत नाही, पण त्या पिढीच्या बायकांच्या तोंडाला ते वळणच नाही. आणि घरातल्या मोठ्या माणसाचं नाव पोराला ठेवलं की घरात दुसरं टोपणनाव पाडायचंच. नाहीतर "इंदुमते, चप्पल काढ आधी, चिखल आणलास घरात" असं ओरडायचं कसं? ते सासूला ओरडल्यासारखं व्हायचं. ठकू म्हटलं की मनसोक्त रागावता येतं.

म्हणजे तिला नाव आवडत नाही असं नाही. तुझं नाव फोनवर ठरलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नव्हती, आणि मग एवढंच म्हणाली, "बरं झालं."

पण पणजीची गोष्ट खरी याच्या पुढं आहे. तिचंही नाव इंदुमती नव्हतं. माहेरी ती कृष्णा, लाडानं किसा. नदीच्या नावाची मुलगी. लग्नात सासरचं नाव ठेवायची रीत होती: ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे, आणि संध्याकाळपर्यंत मुलगी दुसरीच कुणीतरी. तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. ती सांगायची, "मला वाचता येत होतं म्हणून कळलं तरी, काय लिवलंय ते."

तिच्या सासऱ्यांनी हे नाव निवडलं ते राजवाड्यातल्या राणीसाहेबांवरून. शाहू महाराजांचा पुतळा तू दसरा चौकात पाहिलास ना, त्यांच्या सूनबाई इंदुमती राणीसाहेब. सासवडच्या जगतापांची मुलगी, 1917 साली लग्न होऊन कोल्हापुरात आल्या. त्यांचे पती, म्हणजे महाराजांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, पुढच्याच वर्षी शिकारीत अपघात होऊन वारले. राणीसाहेब तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या, तुझ्याएवढ्या. त्या काळात अशा मुलीला कोपऱ्यात बसवत. महाराजांनी घरच्यांचा विरोध बाजूला सारून तिला शिकवायला घेतलं, गावाबाहेर सोनतळीला तिच्या अभ्यासाची सोय केली. स्वतः महाराजांचंही पाळण्यातलं नाव वेगळंच, बरं का. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव ते; 1884 मध्ये दत्तक आले आणि शाहू झाले. कोल्हापुरात नावं बदलणं काही नवं नाही.

तर आमच्या घरात या नावावरून वाद झाला. पणजीच्या सासूबाईंचं म्हणणं, नव्या सुनेला विधवेचं नाव कसलं ठेवता? मामंजी म्हणाले, शिकलेल्या बाईचं नाव आहे. मामंजींचा शब्द राहिला. पण त्याच शिकलेल्या नावाच्या सुनेला पुढं शाळेत काही घातलं नाही. हे मी माहेरी कधी बोलले नव्हते, आता तुला लिहितेय.

अर्थ विचारलास की बहुतेक लोक सांगतात, इंदू म्हणजे चंद्र आणि मती म्हणजे बुद्धी. चंद्रासारखी शीतल बुद्धी असलेली. ऐकायला छान आहे, पण चूक. बुद्धी ती 'मति', ऱ्हस्व. तुझ्या नावातला 'मती' म्हणजे 'जिच्याकडं आहे ती'. श्रीमान–श्रीमती, बुद्धिमान–बुद्धिमती, त्यातलाच हा. हनुमानातला 'मान'ही तोच, हनू म्हणजे हनुवटी. शब्दाच्या शेवटी उ किंवा इ असेल तर मती लागतं: भानुमती, मधुमती, वसुमती. शेवटी अ किंवा आ असेल तर वती: लीलावती, पद्मावती. परवा मामानं प्रयाग चिखलीला नेऊन नद्यांचा संगम दाखवला ना, कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते ती जागा? त्यातली भोगावतीही याच घरातली. म्हणजे तुझ्या नावाचा अर्थ 'जिच्याजवळ चंद्र आहे ती'. संस्कृतात इंदुमती म्हणजे चक्क पौर्णिमा. आणि इंदू हा शब्द आधी चंद्रासाठी नव्हता. ऋग्वेदात तो थेंब आहे, सोमरसाचा. चंद्र नंतर झाला.

तिथं कुणीतरी म्हणेल, इंदू म्हणजे इंदिरा, म्हणजे लक्ष्मी, म्हणजे आपली अंबाबाई. इंदिरा म्हणजे लक्ष्मी हे खरं, पण ते नाव वेगळं. हाक मारताना दोघींची इंदूच होते, तिथं हा घोळ होतो. तू वाद घालू नकोस, देवळातला प्रसाद घे.

दूधकट्ट्यावरचे मामा मात्र एका अर्थी बरोबर बोलले. हे आजीचंच नाव आहे, रामाच्या आजीचं. कालिदासाच्या रघुवंशात विदर्भाच्या भोज राजाची बहीण इंदुमती. म्हणजे आपल्या नागपूर-अमरावतीकडची. तिचं स्वयंवर लागतं. सुनंदा नावाची द्वारपालीण तिला एकेका राजापुढं नेते आणि त्याची माहिती सांगते. मगधाचा, अंगाचा, अवंतीचा, कलिंगाचा. इंदुमती ऐकून घेते आणि पुढं चालू लागते. रात्री मशाल घेऊन रस्त्यानं गेलं की समोरचं घर उजळतं आणि मागं टाकलेलं काळोखात जातं, तसे ते राजे एकेक करून काळवंडत जातात. या एका उपमेवरून कालिदासाला 'दीपशिखा' म्हणू लागले. शेवटी ती अजाला माळ घालते. त्यांचा मुलगा दशरथ. पुढं बागेत असताना नारदाच्या वीणेवरची फुलमाळ वाऱ्यानं तिच्या अंगावर पडते आणि ती मरते. फुलांनी! माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात तर लोक उसाच्या मोळ्या पडून पण मरत न्हाईत."

स्वयंवराचा भाग तिला आवडला होता. पुन्हा सांगायला लावला. एकेका राजाला नाही म्हणत जाणारी इंदुमती.

आता नाव दुर्मीळ का झालं, तर काही मोठं कारण नाही. तिच्या पिढीत इंदुमती, शकुंतला, कुसुम, मालती, सुशीला घरोघर होत्या. माझ्या वर्गात वैशाली, मनीषा, अश्विनी आणि तीन सुनीता. तुझ्या वयाच्या मुली आर्या, सई, स्वरा, अन्वी. दोन अक्षरांत काम झालं पाहिजे, पासपोर्टवर मावलं पाहिजे. तुझ्या बाबांनाही 'इरा' हवं होतं. पत्रिकेत अक्षरही दुसरंच निघालं होतं. बारशाला आत्या पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. तुझ्या कानात 'कुर्रर्र' करायचा मान तिचा, तर फोनच तुझ्या कानाशी धरला. रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे राहिले, ते अजून उधार आहेत.

आणि मी हट्टानं हेच का धरलं, ते हे. माझी आजी गेली तेव्हा दाखल्यासाठी तिची कागदपत्रं काढली. रेशनकार्डावर इंदुमती, मतदारयादीत इंदुमती, भांड्यांवर इंदुमती. आणि मला आठवेना, या नावानं तिला हाक मारताना मी कुणाला ऐकलंय. आजोबा 'अगं ए' म्हणायचे. दीर 'वैनी', पोरं 'आई', गल्ली 'काकी', माहेरचे शेवटपर्यंत 'किसा'. साठ वर्षं ते नाव त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं. पहिल्यांदा मी ते मोठ्यानं ऐकलं ते इथं जर्मनीत, श्टुटगार्टच्या तुझ्या बालवाडीत. बाईंनी हजेरी घेताना 'इंडुमाटी' म्हटलं आणि तू हात वर केलास.

त्या डब्याशेजारी तांब्याची एक छोटी कळशी असेल, काळी पडलेली. चिंच लावून घास आणि गळ्याखाली बघ. ठोक्याठोक्यांनी 'कृष्णा' लिहिलेलं आहे. ती माहेरून आली.

डबा इकडं आणायचा असेल तर आण. कपडे कमी कर, चटणी-मसाल्याचं वजन आधी कर, तेवीस किलोच्या वर नेऊ देत नाहीत. आजी नाही म्हणणार नाही. फक्त मागताना "पितळी डबा दे" म्हणू नकोस. विचार, "हा कुणाचा डबा?" आणि काय म्हणते ते मला कळव.

तुझी,
आई