गणपतीला भावाला घरी आणू का?

पत्र: माई, आम्ही देवगड तालुक्यातले. माझा थोरला भाऊ ट्रॉलरवर खलाशी. जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, तो चार रात्री झोपला नाही आणि पाचव्या पहाटे एकटाच होडी उधाणात लोटायला निघाला. आई आडवी आली, तिला ढकललं, तिचा हात मोडला. मनोरुग्णालयातल्या भरतीच्या अर्जावर सही माझी आहे. बायपोलर म्हणाले, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी खिन्नतेत बुडतं. त्यावर लिथियम सुरू आहे. दोन महिने झाले. आता डॉक्टर म्हणतात, काही दिवस रजेवर घरी नेऊन बघा. गणपती तोंडावर आलेत. मामा म्हणतो, आणलात तर माडीवरच्या खोलीत कडी लावून ठेवा. आई घाबरते. देवळात कौल लावला, उजवा मिळाला. भाऊ फोनवर एवढंच म्हणतो, 'माझो निळो शर्ट हाड' आणि 'हय पाकिटां चिकटवूक लावतत, माका कोणी काय इचारूक नाय.' मी काय करू? मीच त्याला आत घातलं, हे डोक्यातून जात नाही.
— एक बहीण

बाय माझे,

तुझ्या सहीचं आधी बोलू. जूनच्या समुद्रात गेलेली होडी परत येत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू सही केलीस म्हणून आज तो शर्ट मागायला शिल्लक आहे.

आता दुसरं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. देवाला विचारलंत, डॉक्टरांना विचारलंत, मामाने न विचारता सांगितलं, आणि शेवटी मलाही विचारलंस. ज्याला न्यायचं की नाही हे ठरवताय, त्याला कुणी विचारलंय? तो तेच तर सांगतोय फोनवर.

कुलूपबंद वॉर्डात माणसाच्या हातातून सगळं जातं: किती वाजता उठायचं, काय खायचं, दार कधी उघडायचं. सुरुवातीला ते लागतं. पण औषधाने उन्माद उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. आपल्या बाबतीत आपलं काही चालतं असं त्याला पुन्हा वाटायला लागतं तेव्हा तो खरा बरा व्हायला लागतो. ती सुरुवात आतच, कुलूप असतानाच करायची असते.

पाकिटांचंच बघ. बारा वावांत जाळं टाकणारा माणूस बसून पाकिटं चिकटवतो, त्याला राग येणारच. तिथल्या नर्सला किंवा व्यवसायोपचाराच्या बाईंना सांग की याला जाळी दुरुस्त करता येतात. त्या कदाचित नाही म्हणतील, कारण दोरी, सुई, कात्री अशा वॉर्डात देत नाहीत आणि दोरीचं कारण तुला कळेल. पण देखरेखीखाली, तासभर, मोजून दिलेल्या सामानावर होईल का, एवढं विचार. आणि कायद्याने त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही. केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो.

गणपतीबद्दल माझं मत विचारशील तर पहिली रजा त्या दिवसांत नको. कौल उजवा असला तरी. रवळनाथ माझ्यावर रागावला तर मी बघून घेईन. अगं, चाकरमान्यांनी घर भरलेलं, रात्र रात्र भजनं, डबलबारी, पहाटेपर्यंत चहा, आणि मागल्या दारी बाटली. बायपोलरमध्ये झोप मोडली की उन्माद परत डोकं वर काढू शकतो. तो जूनमध्ये आजारी पडला तोही झोपेपासूनच. त्यात दहा जण विचारणार, 'काय रे, खय होतंस?' त्यापेक्षा आधी दोन दिवस, घर रिकामं असताना आण. पण हे माझं मत. तो म्हणाला, 'माका गणपती बघूचो आसा,' तर दीड दिवस आण, रात्री दहाला त्याला शेजारच्या शांत घरी झोपू दे, आणि हे त्याच्याशी बोलून ठरव.

मामाला मात्र ठाम सांग, कडी नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २८ जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळी घालायला उपचाराच्या ठिकाणीही बंदी आहे. मग आपल्या माडीवर कसली कडी?

आईची भीती खोटी नाही. तिचा हात मोडलाय. तिने एकटीने त्याची जबाबदारी घ्यायची नाही, हे आधी तिला सांग. मग डॉक्टर, तू आणि तो, तिघं बसा. घरी सोडताना पुढच्या उपचाराचं रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायला हवं, असं कायदाच म्हणतो, तेव्हा ओशाळू नकोस. त्याला विचार, आजार यायला लागतो तेव्हा तुला स्वतःला आधी काय कळतं? आणि 'दोन रात्री झोपला नाहीस' हे तुला कुणी सांगितलेलं चालेल? बहुधा मामा नसेल. त्याने सांगितलेलं लिहून घे. पुन्हा तसा आजार आला आणि आपलं आपल्याला ठरवता येईना, तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे आजच लिहून ठेवायचा हक्क त्याला आहे. त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. तुझी सही आहे म्हणजे बहुधा तू त्याची नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणारी, आहेस. ती तूच राहावीस का, हेही तो ठरवू शकतो. मनाला लावून घेऊ नकोस. शिवाय त्याला रुग्णालयात तीस दिवसांच्या पुढे ठेवायला, अशा भरत्या तपासणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी लागते. ती घेतलीय का, विचारून घे.

तो ट्रॉलरवर परत जायचं म्हणेलच. लगेच नाही म्हणू नकोस, त्याच्यासमोर डॉक्टरांना विचार. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषध रक्तात वाढतं. भर उन्हात काम, उलट्या, अपुरं पाणी, हे सगळं बोटीवर असतं. अंगदुखीवर तांडेलाने दिली ती गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊन चालत नाही. हात जास्त थरथरले, तोल जायला लागला, उलट्या थांबेनात, तर किनारा गाठावा लागतो, आणि चार दिवसांच्या फेरीत तो जवळ नसतो. म्हणून आधी बंदरावरचं काम, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी होडी. रात्री-अपरात्री तुलाच सुचेनासं झालं तर टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लाव.

राहिला शर्ट. माझ्या एका आत्याला फार वर्षांपूर्वी एका रुग्णालयात ठेवलं होतं. तिथे तिचे केस भादरले. ती बरी होऊन तीस वर्षं जगली, नातवंडं बघितली, पण डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. आज सक्तीने केस कापता येत नाहीत, आणि स्वतःचे कपडे घालायची इच्छा असेल तर तो रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा निळा शर्ट ने. सोबत नाडीची पँट नको, परत पाठवतील. आणि कॉलरच्या आत त्याच्या नावाचा टाका घाल. वॉर्डातले कपडे एकत्र धुतात, दुसऱ्याच कुणाच्या अंगावर दिसला तर पुन्हा तुझ्यावरच चिडेल.

— माई