18 एप्रिल 1930: बीबीसीवर सांगितलं, आज बातमी नाही

तुम्ही विचारलंय की इतिहासातला असा कोणता एक दिवस आहे ज्याच्या बातम्या आज आठवल्या तरी हसू येतं. आपल्याकडं बहुतेक जण 21 सप्टेंबर 1995 सांगतील, गणपती दूध प्यायला तो दिवस, आणि ते बरोबरच आहे, विसर्जन होऊन दोन आठवडे झालेले, पितृपक्ष चालू, अन् लोक वाटी-चमचा घेऊन देवळापुढं रांगेत. पण माझा सगळ्यात आवडता दिवस 18 एप्रिल 1930 आहे. त्या दिवशीची बातमी अशी, की बातमीच नाही.

लंडनचं बीबीसी रेडिओ, रात्री पावणेनऊचं बुलेटिन. त्या काळात तिथं रात्री माइकसमोर बसणाऱ्याला मोठ्या मेजवानीला निघाल्यासारखा काळा कोट आणि बो घालावा लागायचा, ऐकणाऱ्याला ते दिसणार नाही तरी. तर तो गडी असा नटून आला आणि एवढंच बोलला की आज बातमी नाही. झालं! पंधरा मिनिटांचा वेळ होता, उरलेल्या वेळात पियानो वाजवला आणि मग क्वीन्स हॉलमधून ऑपेरा चालू होता तिकडं परत लाइन जोडून दिली.

मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा आधी मोठ्यानं हसतो आणि मग मला त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं. मी गंगाखेड भागात पेपरचा वार्ताहर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळं काहीच न घडलेला दिवस म्हणजे काय असतं ते मला माहितेय. पान काही रिकामं सोडता येत नाही, मग तहसीलदारांना दिलेलं निवेदन घ्या, कुणाची निवड झाली म्हणून झालेला सत्कार घ्या, फोटोत पंधरा जण उभे आणि खाली पंधराच्या पंधरा नावं, एक जरी सुटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात, तेही कमी पडलं तर मोकाट जनावरांचा त्रास वाढला अशी दोन कॉलम बातमी, जी कोणत्याही महिन्यात लावली तरी खरीच असते. तिथं हा माणूस सरळ सांगतो की नाही, अन् पियानो लावतो. लई मोठं काम आहे ते.

बातमी का नव्हती तर तो गुड फ्रायडे होता. ऑफिसं बंद, पेपर बंद, आणि बीबीसीचे स्वतःचे बातमीदार तेव्हा नसल्यातच जमा, एजन्सीकडून येईल तेवढंच वाचायचं, अन् एजन्सीकडूनच त्या दिवशी काही वाचण्यासारखं आलं नाही. आमच्याकडं खेड्यात जुनी माणसं बीबीसी हिंदी लावायची आणि बीबीसीनं सांगितलं म्हणलं की वाद संपायचा, त्याच बीबीसीचा हा किस्सा आहे म्हणून मला तो जास्तच गोड लागतो.

आता खरी गंमत पुढंच आहे. लंडनला पियानो वाजत होता त्याच्या तीन-चार तास आधी, म्हणजे आपल्याकडं रात्री दहाच्या सुमारास, तेव्हाच्या बंगालमधल्या, आता बांगलादेशात असलेल्या चितगावला क्रांतिकारक मास्टरदा सूर्य सेन आणि त्यांच्या साठ-पासष्ट पोरांनी इंग्रजांच्या शस्त्रागारांवर हल्ला केला. गणेश घोषांच्या गटानं पोलिसांचं शस्त्रागार ताब्यात घेतलं, लोकनाथ बल यांच्या गटानं दुसरं, अंबिका चक्रवर्तींच्या गटानं टेलिफोन आणि तार ऑफिस मोडून टाकलं, रेल्वेचे रूळ उखडले, पोलिसांच्या शस्त्रागारासमोर झेंडा लावला आणि हंगामी क्रांतिकारी सरकार जाहीर केलं. दांडीला मीठ उचलून बाराच दिवस झालेले, नेहरूंना 14 तारखेला अटक झालेली, देश पेटलेला आणि तिकडं आज बातमी नाही! पण त्यात त्या निवेदकाचा काय दोष, तारच तोडलेली म्हणल्यावर त्याच्यापर्यंत पोचणार काय. पोरांचा प्लॅन इतका पक्का निघाला की साम्राज्याच्या राजधानीत त्या रात्री निवांत पियानो ऐकत बसले, याच्याइतकं मोठं प्रशस्तिपत्र क्रांतिकारकांना दुसरं काय असेल असं मला वाटतं.

आणि या गुड फ्रायडेनं दोन्हीकडं घोळ घातलाय बघा. चितगावच्या प्लॅनमध्ये युरोपियन क्लबवर चालून जायचं पण होतं, एक गट तिथं पोचला तर क्लब रिकामा, गुड फ्रायडेमुळं साहेब लोक आलेच नाहीत. म्हणजे एकाच सुट्टीनं तिकडं न्यूजरूम रिकामी ठेवली आणि इकडं क्लब. शस्त्रागारात बंदुका मिळाल्या पण दारूगोळा कुठं ठेवलाय ते काही सापडलं नाही. पुढं 22 एप्रिलला जलालाबादच्या टेकडीवर सैन्याशी लढताना 12 जण गेले, सूर्य सेनना 1934 च्या जानेवारीत फाशी झाली, त्याच्यावर हसण्यासारखं काही नाही आणि मी हसतही नाही. क्लबवर हल्ल्याचं राहिलेलं काम सूर्य सेन यांच्याच गटातल्या प्रीतिलता वद्देदारनं 1932 च्या सप्टेंबरात हाती घेतलं, तोवर ती एकवीस वर्षांची होती, तिच्यावर वेगळं उत्तर लिहायला पाहिजे एवढी मोठी बाई आहे ती.

तार तुटली की बातमी नाही हे मला लगेच पटतं कारण आमचं काम पण तसंच चालायचं. फॅक्स यायच्या आधी दिवसभराच्या बातम्या कागदावर लिहायच्या, पाकिटात घालायच्या आणि परभणीच्या एसटीत कंडक्टरकडं द्यायच्या, तिकडं ऑफिसचा माणूस स्टँडवर येऊन घेऊन जायचा. पावसाळ्यात गोदावरीला पाणी वाढलं, आमच्याकडं गंगाच म्हणतात तिला, की एसटी बंद आणि पाकीट आमच्याच खिशात. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या तालुक्याचं एक अक्षर नसायचं. मग पारावर बसलेला एखादा म्हातारा गुडघाभर चिखलातून आल्यावर पाय पुसत विचारायचा, "काय हो वार्ताहर, काल आपल्या इकडं काहीच झालं नाही का?"