पोराच्या सहीआधी हे वाचा, प्ली बार्गेनिंगनंतर अपील राहत नाही

नमस्कार काका,

तुमचा मेसेज वाचला, ड्राफ्टचे फोटोपण बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. काका नागपुरात मानेवाड्याला राहतात, मुलगा २६ वर्षांचा, रिंग रोडवर त्याच्या कारची धडक एका वयस्क सायकलवाल्या गृहस्थांना लागली. पोरगा पळाला नाही, स्वतः उचलून त्यांना मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) घेऊन गेला, पण चौथ्या दिवशी ते वारले. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे हयगयीने मृत्यू, लागलं, जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात चार्ज फ्रेम होऊन, म्हणजे आरोप निश्चित होऊन, ११ दिवस झालेत, आणि आता त्यांचे वकील म्हणून राहिले की प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा समझोता, करून टाका, दोनेक महिन्यात मोकळे. काकांचा प्रश्न असा की ड्राफ्टमध्ये 'या निकालाविरुद्ध मी हायकोर्टासह कोणत्याही कोर्टात दाद मागणार नाही' असं एक वाक्य आहे, ते खोडायला लावलं तर अपील शाबूत राहील का?

नाही राहणार काका. वाक्य खोडा नाहीतर ठेवा, अपील जाणारच, कारण ते त्या वाक्याने जातच नाही, कायद्यानेच जाते. बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम २९५ सरळ सांगते की प्ली बार्गेनिंगमध्ये दिलेला निकाल अंतिम, त्यावर अपील नाही. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हेच २६५-जी होतं, २००६ पासून. अमेरिकेत सरकारी वकील करारातच अपील सोडल्याचं कलम टाकून घेतात, तिथं तो सौदा असतो, त्यावर घासाघीस होऊ शकते. आपल्याकडे घासाघीस करायला जागाच नाही.

पण ते वाक्य तरीही खोडा, आणि आठवणीने खोडा. कारण कलम २९५ मध्येच दोन दारं उघडी ठेवली आहेत, हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६-२२७ ची रिट याचिका आणि सुप्रीम कोर्टात अनुच्छेद १३६ ची परवानगी मागायची याचिका. कायद्याने जे ठेवलं ते आपण लिहून का द्यायचं? मूलभूत हक्क माणसाला सोडून देता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्येच बशेशरनाथ केसमध्ये सांगितलंय, आणि २२६ ची ताकद संसदेलाही काढता येत नाही हे १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालात आहे, त्यामुळे उद्या रिट लावलीच तर ते वाक्य आडवं येऊ नये. पण समोरचा पक्ष ते दाखवणारच, आणि अर्धी सुनावणी त्यातच जाईल.

आता रिट आहे ना मग काळजी कशाला, असं मनात आणू नका, पक्षकारांची खरी फसगत इथंच होते. रिट म्हणजे अपील नव्हे. अपिलात सेशन्स कोर्ट पुरावा पुन्हा पाहते, पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा कुठे दाखवल्या, साक्षीदार उलटतपासणीत काय बोलला, स्पीड किती होता हे कोणी सांगितलं. रिटमध्ये हायकोर्ट साधारण एवढंच बघणार की प्रक्रिया नीट झाली का, पोराची संमती खरी होती का. शिक्षा जरा जास्त वाटली एवढ्यावर तिथं काही हाती लागत नाही.

एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. आरोपीने साधा गुन्हा कबूल केला, प्ली बार्गेनिंग न करता, तर कलम ४१६ खाली शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं अपील शिल्लक राहते. प्ली बार्गेनिंगमध्ये तेवढंही नाही. आणि ट्रायल लढून शिक्षा झाली, ती तीन वर्षांच्या आत असली आणि पोरगा जामिनावर असला, तर कलम ४३० खाली तेच कोर्ट अपील करेपर्यंत त्याला जामीन देते, सहसा नाकारत नाही. हा आधार अपिलाला बांधलेला आहे, अपील गेलं की हाही गेला, म्हणजे ठरलेल्या शिक्षेत कैद असली तर त्याच दिवशी आत.

आकडे पाहा. १०६(१) ला कमाल ५ वर्षं, किमान काहीच नाही. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला प्ली बार्गेनिंगमध्ये कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे १० महिने. ऐकायला बरं वाटते, पण तुमची केस जेएमएफसीसमोर आहे आणि तिथं ३ वर्षांच्या वर शिक्षा देताच येत नाही, किमान नसल्यामुळे लढूनही १० महिन्यांपेक्षा कमी होऊ शकते, आणि वर अपील हातात. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं) मिळेल असं तुम्हाला कोणी छातीठोक सांगितलं असेल तर विचारा की समझोत्यात ते शब्द कुठे आहेत. कायद्यात प्रोबेशनची सोय आहे, पण बेदरकार गाडी चालवून मृत्यू झालेल्या केसेसमध्ये ते सहज देऊ नये असं सुप्रीम कोर्टाने २००० साली दलबीर सिंग केसमध्ये म्हटलंय, सरकारी वकील तो निकाल काढतातच.

आणि नोकरी. प्ली बार्गेनिंग म्हणजे दोषी ठरणं, सुटका नव्हे. पोरगा सरकारी परीक्षा देऊन राहिला म्हणता, मग चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये ही शिक्षा लिहावी लागेल, लपवली तर आणखी वाईट.

मी प्ली बार्गेनिंगच्या विरोधात नाही. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना मोबदला मिळतो, वर्षानुवर्षं तारखा लागत नाहीत, आणि पोराला आतून खरंच वाटत असेल की चूक माझीच होती तर हा रस्ता त्याला हलकं करू शकतो, हे मी पाहिलंय. पण समजून घेतलेलं असावं. काही वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्याकडे आला तो निकाल लागल्यावर. जज साहेबांनी चेंबरमध्ये त्याला एकट्याला विचारलं होतं, राजीखुशीने करता का, आणि हा प्रत्येक प्रश्नाला 'हो साहेब' म्हणत गेला, कारण बाहेर त्याला सांगून ठेवलं होतं की हो म्हण. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून त्याने मला विचारलं, 'मॅडम, मग आता अपील कधी टाकायचं?' माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. रिट लावली, पण रेकॉर्डवर सगळीकडे त्याचाच 'हो' होता.

ते बंद खोलीतलं विचारणं कलम २९० मधलं आहे, तिथं ना सरकारी वकील असतो ना फिर्यादी. तुमच्या पोराला अडलं, शंका आली, तर तिथंच बोलायचं, साहेब मला हे समजलं नाही म्हणायचं, कोणी रागावत नाही.

मुदत चार्जपासून ३० दिवस, म्हणजे १९ दिवस हातात आहेत. अर्ज टाकला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, समझोता जमला नाही तर केस होती तिथून पुढे चालते आणि अर्जात पोराने जे कबूल केलं ते कलम २९९ मुळे दुसरीकडे वापरता येत नाही. परत फिरता येत नाही ते समझोत्यावर सह्या होऊन निकाल लागला की. म्हणून आधी चार्जशीटची पूर्ण नक्कल, स्पॉट पंचनामा आणि आरटीओचा गाडी तपासणी रिपोर्ट तुमच्या वकिलांकडून मागून घ्या आणि सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिराच्या आवारात मला दाखवा, दुपारी दोननंतर मी असते. ड्राफ्टवर सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली दिसली, तिथं तोवर काही लिहू देऊ नका. आणि पोराला सोबत आणा काका, तुम्ही थोडा वेळ बाहेर चहा घ्या, मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय.